स्टामेनचं घंटांचं पान

आमच्या डोंगरातल्या गावात हिवाळ्यात मोजक्याच धुराड्यांतून धूर निघतो. त्यातलं एक स्टामेनचं. मारा नावाची बायको वारली, मेंढरं विकली, पोरगा स्पेनात. मग गड्यानं कॉम्प्युटर घेतला आन् इंटरनेटवर मेंढरांच्या घंटांचं एक पान काढलं. कुठली घंटा कुठल्या मेंढ्याला, आवाज कसा जुळवायचा, सगळं लिहिलं. वाचायला कुत्रं फिरकत नव्हतं.

मग प्लोव्हदिव शहरातून रालित्सा नावाच्या पोरीचा फोन आला. ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती, त्यात तिनं या पानाचा संदर्भ दिला होता. स्टामेन हरखला. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं तसं त्यानं पान झाडून काढलं. घरातली गोष्ट चारचौघांत नको म्हणून एक वाक्यही पुसलं: ‘घरात मयत झालं की म्होरक्या मेंढ्याच्या घंटेत लोकर कोंबायची रीत आहे.’

बर्फ वितळल्यावर पोरगी थेट दारात.

“काका, काय केलंत हो! माझं अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे. परीक्षकांनी पान उघडलं तर वाक्यच नाही. म्हणतात, मनानं रचलं.”

“मग घालतो की परत. त्यात काय!”

“आता घातलं तर म्हणतील, माझ्यासाठी घातलं. पान कधी पाहिलं ती तारीख मी लिहिली नाही, प्रत ठेवली नाही. गाढव मी.”

“गाढवं तर आपण दोघंबी. बनित्सा खा, गार होतीया.”

तिनं त्या चीज भरलेल्या पोळीची ताटली बाजूला सारली. “एवढं लिहून द्या, की वाक्य होतं आणि गावात ही रीत आहे. मग ऐकतील.”

स्टामेननं पेन उघडलं आन् थांबला. “वाक्य होतं, हे लिहितो. रीत हाय, असं न्हाय लिहिता यायचं.”

“का?”

“कुणीच करत नव्हतं. मारा गेली तवा मला घंटा ऐकवंना. म्हणून मीच कोंबली लोकर.”

“अहो, मग रीत म्हणून का लिहिलंत?”

“एकट्यानंच केलं, हे लिहायची लाज वाटली.”

पोरीनं त्याच्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं. “मग प्रकरण काढावं लागेल. संदर्भांच्या यादीतून तुमचं नावही.”

“काढ बाई.”

तो तिला बसपाशी सोडून आला. थांब्याजवळच्या दुकानातनं दोन्का ओरडली, “कोण रं ती पोरगी? सून बघतोस का काय?”

“न्हाय गं,” स्टामेन म्हणाला. “माझं पान वाचायची.” आन् घराकडं चालू लागला.