नांदुऱ्याच्या बाजारातला कासरा

एका फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून गुडघा शेकत बसलो होतो. नंबर अनोळखी होता, पण वेळ ओळखीची होती. स्पर्धा निम्मी संपलेली, संघ तळाला, आधीच्या प्रशिक्षकाला नारळ दिलेला. अशा वेळी लोकांना माझी आठवण होते. घर पेटलं की बंब बोलावतात तसा मी. आग विझल्यावर बंबवाल्याला कुणी जेवायला थांबवत नाही, हेही मला ठाऊक आहे.

ईशान्येकडच्या डोंगरातलं गाव होतं. सेक्रेटरी हिंदीत फार गोड बोलत होता. दोन-तीन दिवसांत या, राहायची सोय चांगली आहे, पोरं गुणी आहेत, फक्त मागची फळी कच्ची आहे. मागची फळी सगळ्यांचीच कच्ची असते. मी ‘बघतो’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘येतो’ म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. कारण मला जायचं नव्हतं. मी फार थकलो आहे. दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याने वापरलेल्या गादीवर झोपून, न कळणाऱ्या भाषेतल्या शिव्या ऐकून, वर हसून हात हलवण्याचा मला वीट आला आहे. तरीही ‘येतो’.

आत बायको भांडी लावत होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख अकोल्याच्या डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातली दिली होती. अशी तारीख आधीही मिळाली होती. एकदा मी पंजाबात एक संघ वाचवत होतो, एकदा केरळात. दोन्ही वेळा तीच म्हणाली, राहू द्या, एवढं काही दुखत नाही. ऑपरेशननंतर बरेच दिवस घरात माणूस लागतं, उठवायला, बसवायला, धरून चालवायला. मुलगी बंगळुरात, तिच्या कडेवर तान्हं बाळ. म्हणजे माणूस मीच. डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी ढकललंत तर पुढे वॉकरशिवाय चालणं होणार नाही.

हे सगळं मला ठाऊक असताना मी ‘येतो’ म्हणालो होतो. त्याचं कारण शोधायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी वरवट बकालचा. आमच्या लहानपणी गावात कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता, फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता. नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलच्या पोरांनी माझी उंची आणि रुंदी बघून मला गोलच्या पुढ्यात नेऊन उभं केलं आणि सांगितलं, “इथून कोनाले जाऊ देऊ नको बे.” मी कुणाला जाऊ दिलं नाही. तेवढ्या एका गुणावर पुढे सरकारी खात्यात खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली, खात्याच्या संघात वर्षानुवर्षं खेळलो, नाक मोडून घेतलं, पुढचे दात खोटे बसवले. गोल करणाऱ्याला हार घालतात, बचाव करणाऱ्याला टाके घालतात. तक्रार नाही, पण एकदा बोलून टाकलेलं बरं.

आमच्या गावच्या घरात माझा एक फोटो फ्रेम करून लावलेला आहे. वर्तमानपत्रात आला होता. मी उजवा हात उंच करून, छाती काढून उभा आहे. वडिलांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, आमचं पोरगं जिंकलं तेव्हाचा म्हणून. खरं तर तो आमच्यावर गोल झाला त्या क्षणाचा आहे. समोरचा खेळाडू ऑफसाइडमध्ये सापडावा म्हणून मागच्या सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं असतं. मी सरकलो, माझा जोडीदार जागेवरच राहिला, आणि त्याच्यामुळे तो खेळाडू नियमात बसला. मी शिट्टीची वाट बघत हात वर करून उभा, चेंडू जाळ्यात. ही चूक फक्त आमच्या जातीचे, म्हणजे मागे खेळणारे लोकच करतात. पळायचं सोडून हात वर करतात. वडिलांना मी कधी खरं सांगितलं नाही. बायकोला लग्नानंतर सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून किती वेळ हसत होती.

त्या गोलनंतर मी सुट्टीवर आलो होतो. नांदुऱ्याच्या बाजारात एकजण बैलजोडी घेऊन चालला होता. एका बैलाने पाय उचलला की दुसरा आपसूक उचलायचा. मी तिथेच दुकानातून दोन सुती कासरे घेतले, बैलांना हाकताना हातात धरतात ते लांब दोर, आणि गाठ मारून एकमेकांना जोडून टाकले. पुढे प्रशिक्षक झाल्यावर तेच माझं शिकवण्याचं साहित्य झालं. मागच्या चौघांना एका ओळीत उभं करायचं, कासरा चौघांच्या हातात. एकजण पुढे निघाला की बाकीच्यांना ओढ बसते, सगळ्यांनी निघायचं. एकट्याने पुढे जायचं नाही, एकट्याला मागे सोडायचं नाही. चेंडू लागत नाही, भाषाही लागत नाही. गोव्यात, कोलकात्यात, कोल्हापुरात, कुठेही पहिल्या दिवशी पोरं हसायची. आम्ही काय बैल आहोत का, म्हणायची. मी म्हणायचो, बैल असता तर बरं झालं असतं, त्यांना एवढं समजावावं लागत नाही. आठवड्याभरात हसणं थांबायचं आणि गोल खाणंही कमी व्हायचं.

मग पुन्हा कधीतरी गोल व्हायचे. मग एखाद्या सकाळी सरावाला क्लबचा कुणी पदाधिकारी इस्त्रीचे कपडे घालून यायचा आणि म्हणायचा, सर, चहा घेऊ. सराव सोडून चहा म्हटलं की मी कासरा गुंडाळायला घ्यायचो. चहा मात्र पूर्ण प्यायचो. कुठल्याही गावात मी सामान पूर्ण बाहेर काढलं नाही, कपाट लावलं नाही, शेजाऱ्यांशी ओळख वाढवली नाही. जाताना त्रास नको.

या सगळ्या काळात बायको नांदुऱ्यात होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, दिवसभर उभी. मुलीचं शिक्षण, माझ्या आईचं आजारपण, घराचा स्लॅब, सगळं तिने पार पाडलं. मी निघालो की प्रत्येक वेळी ती स्टेशनवर यायची. पलीकडच्या फलाटासाठी पूल चढावा लागतो. माझी बॅग एका बाजूने ती धरायची, कारण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझ्या गुडघ्याची एका क्लबने मोठी बडदास्त ठेवली होती, नामांकित डॉक्टर, व्यायाम करून घ्यायला वेगळा माणूस. अलीकडे ती पुलाखालीच थांबायला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल. कुणीही कंटाळेल.

तर त्या दुपारी मी आत गेलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, “फोन आला होता. बोलवून राह्यले.”

ती भांडी लावतच होती. “कुठी?”

मी गाव सांगितलं. तिने ते नाव मनातल्या मनात जमवून पाहिलं असावं. मग म्हणाली, “थंडी असन तिथं. स्वेटर खालच्या खनात हाय.”

“आन् तुह्यं ऑपरेशन?”

“दिवाळीनंतर पाहू.”

एवढंच. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला भांडणाऱ्यांची सवय आहे, प्रेक्षक, पंच, पदाधिकारी, सगळे भांडतात. मी उगीच आवाज चढवून म्हणालो की मी थोडंच जातो म्हणून ठरवलंय, नको असेल तर तसं सांग, तू सांगतच नाहीस काही. बोलता बोलता माझा हात वर गेला होता.

“त्या फोटोतल्यावानी हात वर करू नका,” ती म्हणाली, आणि पाणी प्यायला निघून गेली. जाताना भिंतीचा आधार घेत गेली.

मी बॅग काढली. कपडे भरले. मग कासरा शोधायला लागलो. तो नेहमी बॅगेच्या तळाशीच असतो, या वेळी नव्हता. माळ्यावर नव्हता, गॅलरीत नव्हता. केरळातून आल्यापासून मी बाहेरच्या खोलीत झोपतो. सरावाच्या वेळेला जाग येण्याची खोड काही जात नाही, आणि तिची झोपमोड नको म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे आतल्या खोलीत माझं जाणं कमीच. आता गेलो. कपाटामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, आणि उठताना आधारासाठी खिडकीच्या गजाला हात लावला तर हाताला दोर लागला.

कासरा गजाला बांधलेला होता, वरच्या टोकाला. उरलेली लांबी गजाभोवती नीट गुंडाळलेली. मोकळं टोक गादी आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवलं होतं, दिवसा दिसू नये म्हणून. मी ते बाहेर ओढलं. त्यावर हातभर अंतराने गाठी मारलेल्या होत्या. माझी गाठ एकच, दोन कासरे जोडल्याची, ती मी ओळखतो. या नव्या होत्या. हाताच्या घामाने आणि तेलाने काळपट झालेल्या, म्हणजे कालपरवाच्या नव्हेत. सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी ती या गाठी धरत एकेक करून वर येत होती. मी भिंतीपलीकडे जागा असायचो. कधी कण्हल्याचा आवाज आला नाही.

मी तिच्या जागेवर बसलो. उभ्या आयुष्यात समोरचा खेळाडू कुठे वळणार हे मी त्याच्या कमरेवरून सांगत आलो. त्याच अंदाजावर पोट भरलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, दमल्यासारखं वाटलं.

ती दारात येऊन उभी होती, चौकटीला धरून.

“सापडला का,” म्हणाली. “न्या. मी दुसरा आनीन बजारातून.”

मी गजाची गाठ सोडायला लागलो. तिच्या वजनाने ती घट्ट बसली होती, सुटता सुटत नव्हती. नखं दुखली. ती म्हणाली, “रस्त्यासाठी डबा करून ठेवतो,” आणि स्वयंपाकघराकडे वळली.

“थांब,” मी म्हणालो.

गाठ सुटली. मी तिला हाक मारून पलंगावर बसायला लावलं, पाय खाली सोडायला लावले, हात पुढे करायला सांगितला. हात जिथे आला तिथल्या गजाला कासरा बांधला. तिने फार उंच बांधला होता. उंचावरून ओढलं की खांदा भरून येतो आणि सगळा भार गुडघ्यावरच राहतो. हे मला त्या व्यायामवाल्याने शिकवलं होतं, माझ्या गुडघ्यासाठी. दोनदा ओढून पाहिलं. पक्का होता.

बाहेर खुर्चीवर ठेवलेला फोन वाजत होता. सेक्रेटरीच असणार, तिकिटाचं विचारायला. मी जाऊन उचलला आणि सांगितलं, येत नाही. तो म्हणाला, सर, काय झालं, कुणी जास्त देतंय का? मी म्हणालो, नाही, घरी काम आहे. त्याला ते पटलं नाही. एवढ्या वर्षांत हे कारण मी कुणालाच दिलं नव्हतं.

परत आलो तर ती तशीच बसलेली होती, दोर हातात धरून.

“त्याले नाई काऊन म्हनलं?” तिने विचारलं.

“ओढून पाह्य,” मी म्हणालो.

तिने ओढलं. मी शेजारी उभा होतो, पण हात लावला नाही. ती हळूहळू उठली आणि उभी राहिली.

“हाव,” ती म्हणाली. “आता खांदा दुखत नाई.”