अर्धा चमचा पराग, घोडबंदर ते मुरबाड रोड

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बिल्डरने न तोडलेली एकच नीलगिरी आहे. वास्तुशांतीला आलेला माझा मामा फ्लॅट बघायचं सोडून तासभर तिच्याखालीच उभा राहिलेला. कल्याणपलीकडे, मुरबाड रोडच्या आत, मामा नीलगिरीचे संकर करतो. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जाळता येईल असं, झटपट वाढणारं आणि जड लाकडाचं झाड त्याला हवंय. त्याच्याकडच्या झाडाचं लाकूड जड, पण वाढ गोगलगायीची; आमची नीलगिरी मात्र भराभर वाढलेली. दोन वर्षं सगळं फसलं. या वेळीही फसलं तर त्या जागेत भेंडी लावणार, असं मामीने जाहीर केलेलं.

म्हणून आमच्या झाडाचा पराग पोचवायला मी निघालो. सेक्रेटरींनी आधी कमिटीचा ठराव मागितला. पराग सोसायटीच्या मालकीचा ठरला, आणि अर्धा चमचा द्यायला मंजुरी मिळाली. वॉचमनने गेट पास फाडला: 'पावडर, अर्धा चमचा.' खाली शिक्का.

रविवारी सातच्या आत निघा, नाहीतर माजिवड्यालाच दुपार होते. भिवंडी बायपासने कोनला आलो, तिथे टपरीवर कटिंग आणि गरम भजी घेतली. दुर्गाडी पूल ओलांडला आणि नाकाबंदीत अडकलो.

"डब्यात काय आहे?" हवालदारांनी विचारलं.

"पराग."

"पराग कोण?"

त्यांनी आइसबॉक्स उघडला. आत बर्फ, बारीक ब्रश आणि पावडरची इवलीशी बाटली. मी घाईघाईने गेट पास दाखवला. तो वाचल्यावर त्यांनी मला गाडीतून उतरवलं.

मामाला फोन लावून दिला. मामाने त्यांना पुंकेसर, स्त्रीकेसर सगळं समजावलं. वीस मिनिटं! इकडे बर्फ वितळत चाललेला. शेवटी हवालदार हळूच म्हणाले, "आमच्या बांधावर येतील का ही झाडं?" आणि मला सोडलं.

मुरबाड रोड सुटल्यावर शेवटचा पट्टा कच्चा आहे, गाडी जपून घाला. मामाने फुलांचे पुंकेसर आधीच काढून वर कागदी पिशव्या बांधलेल्या. आता ब्रश घेऊन तो शिडीवर चढला. पण घाईत पहिलीच दोन फुलं त्याने मोडली.

"उतर खाली," मामी म्हणाली. "मना दे तो ब्रश."

पदर खोचून ती शिडीवर चढली. पराग उडू नये म्हणून तिने श्वास रोखला, तसा आम्हीही. एकेक पिशवी सोडायची, ब्रश टेकवायचा, पिशवी परत बांधायची. जेवायला सुकट आणि तांदळाची भाकरी होती. मामा जेवलाच नाही, झाडाकडे बघत बसला.

घरी आल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. "फळं धरली रं! तिनं केल्यान त्याच फुलांना!"

आता बी पिकेल, रोपं होतील, त्यांतली चांगली निवडायची, वाढवायची. काही वर्षांनी कुठलातरी बॉयलर त्यांच्यावर पेटेल. माझ्या ऑफिसातल्या कामाचं तोवर काय उरेल, सांगता येत नाही. इथे निदान राख उरेल. मामीने तिच्यावरही आत्ताच हक्क सांगून ठेवलाय, भांडी घासायला.