हातांच्या खुणांचा कोच

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, ऐन मध्यंतरात, आमच्या नवागामच्या फुटबॉल संघाच्या कोचला यंत्रमाग कारखान्याच्या शेठनं काढलं. गुन्हा एवढाच, की त्यांनी शेठच्या आळशी भाच्याला बाहेर बसवलं.

लूमच्या खडखडाटात आम्ही कामगार हातांच्या खुणांनी बोलतो. जुने कोच लूमवरचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मुकादम; ते मैदानावरही तसंच खेळवायचे. नवा कोच नुसता ओरडतो.

"घसा फाड, पण आम्हाला कान कुठून देशील?" प्रेक्षक टोमणे मारतात.

अर्धे बहिरे झालेले आमचे गडी दोरीबाहेर उभ्या जुन्या कोचकडेच बघतात. काल त्यांनी मूठ उघडली, गडी पसरले आणि गोल झाला.

"दादा, राग नाही येत?" मी विचारलं.

"पोरे आजून मनाकडेच देखतस ना, भाऊ!" स्वतःकडे बोट दाखवत ते म्हणाले, आणि खुशाल शेंगा सोलू लागले.

मला मात्र राग येतो. कामगार भावांनो, येत्या रविवारी सामन्याला या आणि शेठसमोर त्यांना हाताला धरून मैदानात आणा.