मनकर्णाबाईचं कुरडयांचं मशीन

आमच्या पातूरच्या आळीत मनकर्णाबाईला "जमेल का?" असं कोणी विचारत नाही. तिला सगळं जमतं, निदान तिचं तसं म्हणणं आहे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेती सांभाळली, वायदा मोडणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला भर चौकात सुनावलं आणि मुलीला, दामिनीला, नर्स केलं. अशी बाई मोबाइलवरच्या एका जाहिरातीला भुलली, याचा मला अजून राग येतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे कुरडया पाळीनं होतात. आज एकीच्या घरी, परवा दुसरीच्या. गव्हाचा चीक शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. गार झाला की संपलं. एकटीचं ते कामच नाही. जिच्या घरी तुम्ही हात लावला, ती तुमच्या घरी येते. बोलावणं वगैरे काही नसतं.

यंदा दामिनीचं लग्न होतं. सोयरे अकोल्याचे, त्यांच्यासमोर रुखवतात मांडायला भरपूर कुरडया हव्या होत्या. नेमकी तेव्हाच ती जाहिरात आली. लिपस्टिक लावलेली एक बाई बटण दाबते आणि भराभर कुरडया पडतात. घामाचा थेंब नाही! मनकर्णाबाईनं पैसे भरले आणि आळीत जाहीर केलं, "यंदा माही पाळी धरू नका. मशीन येऊन राह्यलं. मी कोनाकडं येत नाई, तुमी बी माह्याकडं येऊ नका."

आम्हाला ते लागलं. आळीतल्या विमलबाईला तर फारच. तिच्या पाळीला एक हात कमी पडला आणि अर्धा चीक पातेल्यातच गार झाला.

मशीन मात्र येईना. आज ते नागपूरला, उद्या भिवंडीला, परवा परत नागपूरला. एवढ्यात माणूस काशीला जाऊन आला असता. फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणे, "मॅडम, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो."

"समजू नको माय, मशीन पाठव," मनकर्णाबाई म्हणे.

शेवटी मेसेज आला, बुधवारी नक्की. तिथंच ती चुकली. त्या 'नक्की'च्या भरवशावर तिनं गहू भिजत घातले.

भिजलेले गहू कोणासाठी थांबत नाहीत. बुधवारी ते वाटून, गाळून चीक काढला आणि संध्याकाळी पुन्हा मेसेज आला, आता सोमवारी. आमच्या उन्हाळ्यात चीक सकाळी शिजवला नाही तर आंबतो, फेकावा लागतो. लग्न तोंडावर आलेलं, नव्यानं सगळं करायला वेळ कुठला?

माझ्या ओट्यावर आम्ही बायका बसलो होतो, तिथं ती आली. मान खाली घालून नाही, कंबरेवर हात ठेवून.

"चीक तयार हाये. सकाळी शिजवा लागते."

"मंग मशीनले बोलाव ना," विमलबाई म्हणाली.

"मशीननं मले धोका देल्ला, अन् मी तुमाले. लय बोलाचं असन, माहीत हाये मले. उद्या घरी येऊन बोला. फक्त हात चालू ठेवा."

अशी माफी मी जन्मात ऐकली नव्हती. हसू दाबत मी "येते" म्हणाले. विमलबाई मात्र उठून गेली.

सकाळी मनकर्णाबाईच्या घरावरच्या स्लॅबवर पहिली हजर कोण, तर विमलबाई, स्वतःचा पितळी सोऱ्या घेऊन! आणि तोंडाचा पट्टा सुरू. एक कुरडई पडली की एक टोमणा. मनकर्णाबाई चीक ढवळत सगळं ऐकून घेत होती. "बोल बोल, अजून लय चीक बाकी हाये," म्हणत होती.

उन्हं चढली तेव्हा खाली डिलिव्हरीवाल्याची गाडी थांबली. सोमवारी येणारं मशीन आज हजर! आम्ही तिथंच खोकं उघडायला लावलं. आत भातुकलीत शोभेल एवढं प्लास्टिकचं यंत्र. मूठभर चीक घातला, ते घुर्रर्र करून बंद पडलं. विमलबाई हसून हसून खाली बसली. मनकर्णाबाईनं ते पुसून पुन्हा खोक्यात घातलं. "परत ने दादा. अन् तुह्या मालकाले सांग, त्या जाहिरातीतल्या बाईले एकदा आमच्या स्लॅबवर पाठव."

दुपारपर्यंत सगळी स्लॅब कुरडयांनी भरली. दामिनीच्या रुखवताची चिंता मिटली.

काम संपलं की पाळीवालीनं शेवटचा गरम चीक दूध-साखर घालून आलेल्या बायकांना द्यायचा, ही रीत. मनकर्णाबाईनं सगळ्यांना वाढलं आणि पातेलं रिकामं झालं. तेव्हा विमलबाईनं आपल्या वाटीतला अर्धा चीक दुसऱ्या वाटीत काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"खाय. यंदा कोनाच्याच घरचा चीक तुह्या तोंडात गेला नाई."

मनकर्णाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

"साखर कमी पडली," ती म्हणाली, आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली.