नणंदेचं घड्याळ आणि माझा पितळी काटा

मंगलच्या मनगटावर ते घड्याळ पाहिलं आणि त्याच दिवशी मी पुन्हा मालवणला जायचं ठरवलं. समुद्राची ओढ, निळाईची हाक वगैरे कारणं तुम्हाला इतरांच्या ब्लॉगवर मिळतील. माझं कारण मत्सर होतं.

मंगल माझी धाकटी नणंद, राहणार यवतमाळ. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी मालवणला स्कूबाचा कोर्स केला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दोघींनी दिलं, परीक्षा दोघींनी दिली, मार्क मला जास्त. पण नंतर तिच्या मुलाने तिला अंदमानला नेलं आणि वर हे घड्याळ घेऊन दिलं. पाण्याखाली ते खोली दाखवतं, वेळ दाखवतं आणि पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली तेही दाखवतं. तारेशिवाय! मंगल ते लग्नाकार्यातही घालून येते. आमच्या घरी आली, चहाचा कप उचलला तोही बरोबर त्याच हाताने.

"वहिनी, याच्यात सारं दिसते," ती म्हणाली. "तुम्हीबी घ्या न एखादं."

जणू गल्लीच्या तोंडावर मिळतं! मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहे. यजमान वणीच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंजिनीअर. या दोन-तीन वर्षांत कापसाची जी दशा झाली आहे, तीत त्यांची प्रेस संक्रांतीलाच थंड पडते. मंगलच्या नवऱ्याने मात्र कापसातून वेळेवर अंग काढून घेतलं आणि सिमेंटची एजन्सी घेतली. काही लोकांना सगळंच वेळेवर सुचतं.

घड्याळ परवडणार नव्हतं, पण स्वतःचा काटा, म्हणजे टाकीतली हवा दाखवणारी तबकडी, मला हवाच होता. मागच्या वेळी भाड्याने मिळालेल्या काट्याची काच धुरकट होती आणि टाकी रिकामी झाली तरी तो वीसवरच बसून होता. हवा नसताना आहे म्हणणारं यंत्र! शिवाय माझं वय बासष्ट. चष्मा पाण्यात नेता येत नाही, बारीक आकडे मला दिसत नाहीत.

यजमानांना सांगितलं तर म्हणाले, "कायले पैसे घालवतं? आपल्या प्रेसचा काटा घेऊन जाय. एवढ्या गाठी दाबल्या त्यानं, तुह्या टाकीचं काय घेऊन बसली!"

आणि खरंच, पिशवीतून काढला. ताटलीएवढा, तेलकट, आकडे मात्र सुरेख मोठे. मला क्षणभर मोह झाला, कबूल करते. मग मी त्यांना विचारलं, "हा पाण्यात बुडवला तर?"

"बुडवाले कोनं सांगितलं?" ते म्हणाले. विषय संपला. जिनिंगच्या गावातल्या वाचकांनो, तुमच्याही घरी असा सल्ला मिळेल. ऐकू नका.

मी जाणार म्हटल्यावर मंगलही निघाली. वणीहून पुण्याला ट्रॅव्हल्स मिळते. मंगल यवतमाळला चढली, खिडकीची सीट तिला हवी होती आणि ती तिला मिळाली. जवसाची चटणी आणि दशम्या मी आणल्या होत्या, खाल्ल्या तिने. पुण्यात एक दिवस पाय सरळ करा, आमच्या वयात ते गरजेचं आहे. पुढे एसटीने कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली, मालवण. घाटात रस्ता अरुंद आहे, ज्यांना बस लागते त्यांनी पुढे बसावं. कणकवलीच्या स्टँडवर एका बाईने मंगलला विचारलं, "ताई, हे घड्याळ कुठलं हो?" तिथून मालवणपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

मालवणला घरगुती खोली स्वस्त पडते आणि जेवणही तिथेच होतं. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डायव्हिंग सेंटरवर गेलो. चालवणारा नीलेश, तिथलाच, गेल्या वर्षी आम्हाला शिकवणारा. त्याने माझ्यासमोर तीन काटे ठेवले.

पहिल्यात होकायंत्र, खोलीचं यंत्र, सगळं एका चौकटीत. वजन वरवंट्याचं, किंमत घड्याळाच्या दिशेने निघालेली. दुसरा प्लॅस्टिकचा, हलका, सगळ्यांत स्वस्त, पण तबकडी जुन्या आठ आण्याएवढी. तिसरा पितळी, जाड काचेचा, मोठे आकडे, पन्नासच्या खाली लाल पट्टा. साडेपाच हजार. शिवाय कोपऱ्यात एक जुना पितळी पडला होता, निम्म्या किमतीत. माझं लक्ष त्याच्यावरच.

मी म्हटलं, "आधी रिकामा दाखव."

माझं माहेर पांढरकवड्याकडचं, कापूसवाल्यांचं. आमच्याकडे कापसाची गाडी वजनकाट्यावर चढण्याआधी रिकामा काटा बघतात, घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनी. त्यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. नीलेशने मानला.

"काकी, माझ्यार विश्वास नाय?"

"तुझ्यावर आहे. याच्यावर नाही."

चारही काटे एकामागून एक टाकीला लावायला लावले. तुम्हीही असंच करा. झडप उघडताना काच स्वतःपासून वळवून धरा आणि हळू उघडा. काटा अडखळत नाही, सरसर चढतो, हे बघा. त्याच टाकीवर दुसरा खात्रीचा काटा लावून आकडा जुळतो का बघा. नळी बादलीत बुडवा, बुडबुडे आले तर नको म्हणा. मग झडप बंद करून हवा सोडा आणि काटा शून्यावर येतो का ते बघा. जुना पितळी दहावर थांबला. मी टिचकी मारली, आठवर आला. निम्म्या किमतीत खोटं बोलणारा मला नको होता. नवा पितळी तीनदा चढवला, तीनदा शून्यावर आला.

"आता लगीन लावूचा काय तेच्याबरोबर?" नीलेश म्हणाला. सेंटरवरचे सगळे हसले. तेवढ्यात कोणीतरी मंगलचं घड्याळ बघितलं आणि सगळे तिकडे गेले. तिची बॅटरी संपावी असं माझ्या मनात आलं. नाही संपली.

होडीतून अर्ध्या तासात डायव्हिंगच्या खडकांपाशी पोचलो. ठरलं असं: दोघी जोडीने राहायचं, नीलेश पुढे. टाकी भरलेली म्हणजे दोनशे, पन्नास उरताना वर. खडकाच्या पलीकडच्या अंगाला जांभळ्या पंख्यांसारखी पोवळी आहेत. तिथे जायचं तर मध्यावर दोघींकडेही शंभरच्या वर हवा हवी. ते पंखे मला बघायचे होते. मंगलने अंदमानात तसे पाहिलेत आणि वर्षभर मला ऐकवलेत.

खाली पाणी स्वच्छ होतं. पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरत होते. आम्हाला कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या. इथे नेमकं उलट. मंगल पुढे तरंगत चाललेली, हात पोटाशी बांधलेले, जणू माहेरच्या अंगणात फिरते आहे. मी मागे धापा टाकत.

मध्यावर नीलेश वळला आणि खूण केली, हवा किती? मंगलने घड्याळाकडे पाहिलं आणि बोटांनी दाखवलं: एकशे तीस.

माझा काटा नव्वदवर होता. स्पष्ट, मोठ्या आकड्यांत नव्वद.

माझ्या आधी तिने दाखवलं हा घोटाळा झाला. एकशे दहा दाखवायला मला एक बोट जास्त नाही, एक लाज कमी लागली असती. पंखे वीस हातांवर होते, खडकाच्या कडेवरून एकाचं टोक दिसतही होतं. एकशे दहाची बोटं माझ्या हाताशी तयार होती. मग वाटलं, तीन वेळा शून्य बघून हा घेतला, तो खरं सांगतोय आणि मी त्याला खोटं पाडू? नव्वद दाखवले. नीलेशने हात फिरवला, परत.

आणि खरं लिहायचं तर मंगललाही परत फिरावं लागलं याचा मला आनंद झाला.

होडीवर टाक्या उतरवताना नीलेशने सवयीने मंगलचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "काकी, किती दाखवलंत तुम्ही? ह्यात पस्तीस आसा!"

मी माझा काटा बघितला. साठ.

पलीकडे गेलो असतो, तर परतीच्या वाटेवर, खडकाच्या त्या अंगाला, तिची हवा संपली असती.

"मंगल, तुला दिसलं नाही?"

"नाही दिसत, वहिनी." ती टॉवेलात तोंड खुपसून बोलत होती. "बारीक आकडे हायेत. अंदमानातबी नाही दिसले. पोरगा सोबत होता, तोच पाहे."

"मग एकशे तीस कुठून काढलेस?"

"अंदाजानं दाखवलं."

"नव्वद का नाही दाखवलेस अंदाजानं?"

"तुमच्यापेक्षा कमी काहून दाखवू?" ती एकदम उसळली. "परीक्षेत तुम्हीच पुढं, इंग्रजीत तुम्हीच पुढं. पोरगाबी म्हणते, मामीले विचार. एक घड्याळ तं माह्याजवळ होतं!"

मी तिला खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नीलेश इंजिनाकडे जाऊन बसला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्या पिशवीतून दशमी काढून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उथळ पाण्यात उतरलो. दर थोड्या वेळाने मी तिचं मनगट ओढून डोळ्यांजवळ धरत होते. मलाही ते आकडे नीट दिसत नव्हते. शेवटी मी माझा काटा तिच्या टाकीला लावायला लावला आणि स्वतः वर होडीत बसले. पंखे राहिलेच.

घरी येऊन आठवडा झाला. मंगलने यवतमाळमध्ये सगळ्यांना सांगितलं आहे की वहिनीची हवा लवकर संपली म्हणून परत यावं लागलं. काल मामेसासूबाईंचा फोन आला, म्हणाल्या, "झेपत नाही तं कायले जाता?" पस्तीसचा आकडा माझ्या ओठांवर आला होता. गिळला. तिचे फोटो अजूनही माझ्यापेक्षा चांगले येतात, हेही मी गिळते आहे.

पण तिचा मुलगा हा ब्लॉग वाचतो. बाळा, घड्याळ सुंदर आहे, तुझ्या आईला शोभतं. ते तिला लग्नात घालू दे. पाण्यात उतरताना मात्र तिच्या टाकीला मोठ्या आकड्यांचा पितळी काटा हवा. तू घेऊन दे. मी दिला तर ती घेणार नाही.