तुम्हाला बिघडवायचं नाही

आमच्या कंपनीत रोज दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगाराचं बरं असतं, शनिवारी टेम्पो येतो आणि घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. मी वरवंडहून शिरूरकडे कंपनीच्या बसनं येतो-जातो, तेवढ्या वेळात शेजारच्याला सांगून जरा हलका होतो. पण शेजारचाही आमच्याच कंपनीतला. तो उतरताना मला आणखी दोन देऊन जातो!

आम्ही गाड्यांच्या दरवाजांची कुलपं बनवतो. मी असेंब्लीचा सुपरवायझर, म्हणजे वरच्यांची बोलणी खाली पोचवायची आणि खालच्यांचं वर पोचू द्यायचं नाही, असलं काम. आमचे प्लँट हेड कोकाटे साहेब यांचा एक लाडका सिद्धांत आहे. माणूस ताणात ठेवला की मजबूत होतो! तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. खरा आहे, राग त्याचाच येतो.

* * *

आमच्याकडच्या कंत्राटी माणसांना सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. म्हणजे काढून टाकतात. थोड्या दिवसांनी दुसऱ्या कंत्राटदाराचं कार्ड गळ्यात घालून तोच माणूस परत येतो आणि कागदावर नवा होतो. सलग नोकरी झाली की तो परमनंटचा हक्क मागेल ना, म्हणून ही युक्ती.

कोरेगाव भीमाच्या संगीताताई गायकवाड अशा किती वेळा नव्या झाल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सेफ्टीची फिल्म दाखवतात आणि एचआर ऑफिसर गुलाबाचं फूल देतो. एचआर ऑफिसर बदलत राहतात, फूल तेच. एकदा एक जण फूल देऊन म्हणाला, “वेलकम टू द फॅमिली, ताई!”

“व्हय की,” ताई म्हणाल्या, “ह्या घरात मी दर दिवाळीला नवी नवरी असती.”

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामानं विचारलं, “तुमची नोकरी परमनंट हाय का?”

ताईंनी पोह्यांची प्लेट त्याच्यापुढं सरकवली. “माझा ब्रेक परमनंट हाय. तेवढं मातर कवा चुकलं न्हाई!”

सोयरीक जमली. मुलाचा बापही कंत्राटीच होता, त्याला हे लगेच समजलं.

* * *

पूर्वी आमच्याकडे लाइट सारखी जायची. गेली की कोणी ओरडत नसे. कोणी हातानं रिव्हेट मारायला बसायचं, कोणी तपासायला घ्यायचं, ट्रक वेळेवर सुटायचा. मग मोठा जनरेटर आला. दोनेक वर्षं आम्ही अगदी मजेत काढली.

एके दिवशी लाइट गेली आणि जनरेटरही सुरू होईना! सगळे हाताची घडी घालून उभे. हातरिव्हेटचे साचे कुठं ठेवलेत हेच कोणाला आठवेना. ट्रक गेटवरच अडकला. साहेबांनी मीटिंग घेतली आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, “सुख दिलं की सिस्टीम कमकुवत होते!”

मला वाटलं, आता साचे शोधून सगळ्यांची प्रॅक्टिस घेतील. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर कँटीनमधले पंखे उतरवलेले! साहेबांच्या केबिनचा एसी मात्र चालूच होता. तेवढा एक कोपरा त्यांनी कमकुवत ठेवला.

* * *

मांडवगण फराट्याचे जगताप आप्पा आमच्यातले जुने परमनंट. उभी हयात पत्रा ठोकायच्या एकाच प्रेसवर गेली. प्रेस धाडधाड चालायचा आणि आप्पा त्याच्या तालावर पान खायचे. मग एक दिवस कंपनीनं तो प्रेसच विकला. आप्पांना टेस्टिंगला टाकलं. तयार कुलूप शेवटचं तपासायचं ते मशीन. त्यात चूक झाली तर चालत्या गाडीचा दरवाजा उघडू शकतो, म्हणून आमची कुलपं घेणाऱ्या गाडीवाल्यांची अट होती, टेस्टिंगला परमनंटच माणूस पाहिजे.

आप्पांचे हात थरथरायला लागले. बीपीची गोळी सुरू झाली. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचे.

संगीताताईंना मात्र सगळं येत होतं. दर वेळी परत आल्या की नवी म्हणून त्यांना नव्या मशीनवर टाकायचे, त्यामुळं होता होता अख्खा शॉप, मशीन न् मशीन, त्यांच्या हाताखालून गेला होता. मग कागदावर टेस्टिंग आप्पांचं आणि शेजारच्या लाइनवरून येऊन शिकवायच्या ताई. कुलूप हातात धरून आप्पा एकदा म्हणाले, “बाई, तुला भ्या कसं वाटत न्हाई गं?”

“वाटतंय की आप्पा. पर रोजचंच झालंय. येगळा टाइम काढून कवा भ्यायचं?”

आप्पा त्या दिवशी डबा खाऊन घरी गेले.

* * *

एकदा पुण्याहून एक ट्रेनर बोलावला होता. विषय होता ‘ताण तुमचा मित्र’. पगारी वेळ कशाला घालवायचा म्हणून कार्यक्रम कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीतच ठेवला. पंखे नाहीत, वरून पत्रा तापलेला, पुढ्यात वरण-भात आणि पडद्यावर दंड फुगवलेला पैलवान!

ट्रेनर माणूस चांगला होता. घाम पुसत मनापासून सांगत होता. वजन उचललं की स्नायू बारीक बारीक फाटतात, आणि भरून येताना आधीपेक्षा मजबूत होतात. ताईंनी भाताचा घास हातात तसाच धरून विचारलं, “आन् त्ये भरून कवा येत्यात?”

“छान प्रश्न!” ट्रेनर खूश झाला. “हेच खरं मर्म आहे. विश्रांतीत! विश्रांती नसेल तर स्नायू नुसताच फाटत राहतो. पुढची स्लाइड त्याच्यावरच आहे.”

तेवढ्यात भोंगा झाला. साहेब उठले, ट्रेनरला शाल घातली आणि म्हणाले, “विश्रांतीची स्लाइड वेळेअभावी राहू द्या.”

* * *

मग गाडीवाल्यांचं ऑडिट आलं, म्हणजे त्यांचा माणूस आमचं काम तपासायला आला. शॉपच्या भिंतीवर आमच्याकडे एक तक्ता आहे. ज्याला जे काम येतं त्याच्या नावापुढचं वर्तुळ काळं करायचं. परमनंट माणसांची पूर्ण नावं, कंत्राटी माणसांची नुसती पहिली. आडनाव लिहीपर्यंत माणूस टिकत नाही ना! त्या तक्त्यात एकाच ओळीतली सगळी वर्तुळं काळी होती. ऑडिटरनं बोट ठेवलं. “ही संगीता कोण? उद्या हिला टेस्टिंगवर बघायचंय.”

आली का पंचाईत! संगीता कंत्राटी आणि टेस्टिंगला परमनंट पाहिजे. त्यात ताई तेव्हा ब्रेकवर होत्या. आप्पा तर ऑडिटचं नाव ऐकूनच घरी जाऊन झोपले होते. सकाळी साहेबांनी गाडी पाठवली. ताई कुणाच्या तरी रानात कांदा काटत होत्या, तिथून त्यांना तशाच उचलून आणलं. आमच्याकडे कंत्राटींचा शर्ट राखाडी आणि परमनंटचा निळा. आप्पांच्या कपाटातून त्यांचा निळा शर्ट काढून ताईंना घातला. गुडघ्यापर्यंत आला. खिशावर शिवलेलं होतं, जगताप.

ताईंनी हातातला कांद्याचा वास पुसला आणि कुलपं अशी तपासली की ऑडिटर बघतच राहिला. “वा, संगीता जगताप! अशा माणसांमुळं कंपनी मजबूत राहते.”

साहेब म्हणाले, “ताणातून घडवलीत आम्ही, सर!”

ऑडिटरची गाडी गेटबाहेर पडली. साहेब ताईंकडे वळले. मला वाटलं, आता चार चांगले शब्द बोलतील.

“शर्ट धुऊन द्या,” ते म्हणाले.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत परमनंटची एक जागा निघाली. शॉपमध्ये कोणी दुसरं नावच घेत नव्हतं. ताई तेव्हा ब्रेक संपवून आल्या होत्या. त्यांना आधीच पेढे मागायला लोक यायला लागले. मी विचारलं, “ताई, परमनंट झाल्यावर पहिलं काय करणार?”

त्या जरा लाजल्या. “सुट्टी मागनार, दादा. आजवर मला कुनी सुट्टी दिलीच न्हाई, काढूनच टाकलं. मला एकदा तरी अर्ज करायचाय. आन् साहेबांनी न्हाई म्हनायचं, आन् मी परत मागायची!”

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, सोबत मलाही. एसी गार चालू होता. “संगीताताई,” साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, “हे जगताप बघा. परमनंट झाले आणि एका प्रेसला चिकटून बसले. तुम्ही आज एवढ्या तयार झालात त्या कशामुळं? उद्याची खात्री नाही म्हणून! ती खात्री आम्ही दिली, तर तुमच्यातली ताकदच जाईल. आम्हाला तुम्हाला बिघडवायचं नाही.”

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, “दादा, थोडं बिघडले असते तर काय झालं असतं?”

ती जागा साहेबांच्या मेहुण्याला मिळाली. तो स्टोअरमध्ये बसतो आणि त्याला बिघडण्याची कसलीच भीती नाही.

* * *

यंदा पुन्हा ऑडिट आलं, तेच ऑडिटर. नेमक्या त्याच सकाळी ताई ब्रेक संपवून, नवं कार्ड घालून, नव्या पोरींबरोबर फिल्मच्या खोलीत बसल्या होत्या. हातात गुलाबाचं फूल. साहेबांनी माझ्या हाती निळा शर्ट पाठवला. ताईंनी तो बघितलासुद्धा नाही.

“घाम माझा आन् नाव दुसऱ्याचं. आता न्हाई घालायची, दादा. आप्पांना उभं करा. त्यांना येतंय.”

आणि खरंच येत होतं! आप्पा टेस्टिंगला उभे राहिले. हात जरासुद्धा हलला नाही. ऑडिटर खूश झाला. खिशावरचं नाव वाचून म्हणाला, “गेल्या वेळी इथं संगीता जगताप होत्या. तुमच्या मिसेस का?”

ऑडिटरच्या पाठीमागून साहेब जोरजोरात मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा.

“व्हय,” आप्पा म्हणाले.

“आणि हे काम कोणी शिकवलं तुम्हाला?”

“तिनंच.”

“वा! मग बोलवा ना त्यांना. कुठं आहेत?”

साहेब पुढं झाले, “सर, त्या जरा...”

“वारली ती, साहेब,” आप्पा म्हणाले.

आप्पांची खरी घरची मांडवगणला ठणठणीत होती, सकाळीच तिनं बसथांब्यावर डबा आणून दिलेला मी बघितला होता.

“अरेरे!” ऑडिटर हळहळला. “कशानं?”

“लई मजबूत व्हती. त्यानंच गेली.”

ऑडिटरनं डोक्यावरची टोपी काढली. “कोकाटे, आपण दोन मिनिटं उभं राहू या.” आणि ज्या साहेबांनी पाणी प्यायलासुद्धा कधी लाइन थांबवू दिली नाही, त्यांनी स्वतःच्या हातानं लाल बटण दाबलं! अख्खा शॉप शांत झाला. सगळे माना खाली घालून उभे. साहेबही. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते खोटं नव्हतं.

दोन मिनिटं झाल्यावर ऑडिटर म्हणाला, “त्यांच्या मशीनवर एखादं फूल तरी ठेवू या.” कंपनीत फूल कुठलं! नवा एचआर ऑफिसर पळत फिल्मच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागं. पहिल्याच खुर्चीवर ताई बसल्या होत्या. त्यानं त्यांच्यापुढं हात केला.

“ताई, ते फूल द्या पटकन. श्रद्धांजलीला पाहिजे.”

“कोन गेलं?”

“कुणीतरी जगताप मॅडम. परमनंट होत्या म्हणे.”

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मग फुलाची एक वाळकी पाकळी काढून टाकली आणि फूल त्याच्या हातात दिलं.

“परमनंट व्हती व्हय! मग न्या की.”