अंगावरचं औषध

ऑक्टोबरची छाटणी आटोपली की थोड्याच दिवसांत आमच्या वॉर्डात फवारणीचे पेशंट यायला लागायचे. दिंडोरीचे, पिंपळगावचे, ओझरच्या बाजूचे. द्राक्षबागेत औषध मारताना ते अंगावर उडायचं, कातडीतून आत भिनायचं, आणि घामानं निथळणारा, लाळ गळणारा माणूस टेम्पोत आडवा घालून आणला जायचा. नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डची सिस्टर होते. सलाईन लावायचं, इंजेक्शनं द्यायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघत राहायचं. बहुतेक जण वाचायचे.

एका वर्षी दिंडोरीजवळच्या मळ्यातला एक मजूर आला. चाळिशीचा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोशी बोलला, दोन घोट चहा प्याला. दुपारी मी वॉर्डात परत आले तर पुन्हा घाम, पुन्हा लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी त्याच्यावर वाकले आणि औषधाचा उग्र वास आला. तो त्याच्या सदऱ्याला येत होता. फवारणीच्या वेळी अंगात होता तोच सदरा.

नवऱ्याला मारायला निघालीस का, असं मी त्याच्या बायकोला सगळ्या वॉर्डासमोर बोलले.

ती खाली बघत म्हणाली, “त्यांना लय थंडी वाजत होती, सिस्टरबाई. तुमची चादर पुरंना. म्हणून घातला.”

सदरा उतरवला, मावशींच्या मदतीनं त्याला साबणानं धुतलं. केस धुतले तेव्हा पाणी पांढुरकं निघालं. दोन दिवस कुणी त्याच्या केसांना हातच लावला नव्हता. वॉर्डाच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, डोस कमी पडला असेल, वाढवू. त्यांनी केस पेपरवर वाढवलेला डोस लिहिला. सदऱ्याचा उल्लेख कुठेच आला नाही.

माणूस वाचला, दहाव्या दिवशी घरी गेला. माझ्या डोक्यातून मात्र ती बाई जाईना. तिचा काय दोष होता? पहिल्या दिवशी तो सदरा काढून, गुंडाळून, आम्हीच तिच्या हातात दिला होता. सांभाळून ठेवा म्हणून.

मी एक वही सुरू केली. फवारणीचा पेशंट आला की कपडे कधी काढले, केस धुतले का, कपड्यांचं पुढे काय झालं, एवढंच लिहायचं. एका हंगामानंतर मेट्रनबाईंकडे गेले आणि दाराजवळच्या नळाशी एक स्टूल, साबण, हातमोजे आणि जुने धुतलेले कपडे ठेवायची परवानगी मागितली. पेशंट खाटेवर जाण्याआधी इंजेक्शन आणि आंघोळ एकाच वेळी. सदरा पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि नातेवाइकांना समजावून सांगायचं. मेट्रनबाई म्हणाल्या, कर, पण माणसं जास्तीची मिळणार नाहीत. कपडे मी आणि माझ्या बॅचची एक मैत्रीण घरोघर मागून आणायचो.

ही मैत्रीण आणि मी नर्सिंगला एकत्र शिकलो, एकाच वर्षी नोकरीला लागलो. रोज एका डब्यात दोघी जेवायचो. तिला घरसंसार होता, माझं लग्न राहून गेलं होतं. मी पुढचं शिक्षण घेतलं तोवर तिला कौतुक होतं. दोन हजार सालानंतर याच विषयावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा ती नुसती हसली. नर्सला पीएच.डी. कशाला, हे डॉक्टर लोक तोंडावर विचारायचे. आमच्यातल्या बाया मागून विचारायच्या.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं दिंडोरीकडे जायचे आणि मजुरांच्या घरी बसायचे. फवारून आलेला माणूस आधी जेवायचा, मग हात धुवायचा. त्याचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर एकाच घमेल्यात भिजायचे. मी बायकांना दाखवायचे, वेगळं कसं धुवायचं, हातांना काय घालायचं. त्यातल्या एकीनं विचारलं होतं, एवढ्या लांबून एकट्याच येता का? मी हो म्हटलं. तिनं भाकरी वाढली.

अभ्यासाच्या रजांमुळे ड्यूट्या बदलाव्या लागायच्या आणि त्याचा भार मैत्रिणीवर पडायचा. हे मला कळायला हवं होतं, कळलं नाही. एकदा जेवायच्या वेळी खोलीत गेले तर ती दुसऱ्या दोघींबरोबर बसली होती, डबा जवळजवळ संपलेला. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “तू आता आमच्यातली राहिली नाहीस गं. राग नाही माझा. पण राहिली नाहीस.”

त्यानंतर मी लायब्ररीत जेवायला लागले.

पदवी मिळाली तेव्हा पेढे घेऊन वॉर्डात गेले. सगळ्यांनी एकेक घेतला, अभिनंदन केलं, आणि कामाला लागले. गर्दी होती, त्यांचंही चुकलं नाही. टेबलावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहावं का, असं मी नव्या मेट्रनबाईंना विचारलं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की वॉर्डात डॉक्टर म्हणजे डॉक्टर, पेशंट गोंधळतात. ते मला पटलं असं मी म्हटलं. पाटी तशीच राहिली.

पुढे मला नर्सिंग कॉलेजात शिकवायला घेतलं. स्वतंत्र खोली, खिडकीत गुलमोहर, दिवसाचे चार तास. मुली आदरानं उभ्या राहायच्या आणि तास संपला की निघून जायच्या. वीस वर्षं मी माणसांच्या कण्हण्यात काढली होती. त्या खोलीतली शांतता मला सोसवत नव्हती.

एका छाटणीनंतर काहीतरी निमित्त काढून मी जुन्या वॉर्डाकडे गेले. साध्या साडीत होते. दारात एक नवी सिस्टर हातमोजे घालून एका मजुराचे केस धूत होती, कानामागून, नीट. मी जवळ जाऊन बघायला लागले तशी ती वर न पाहता म्हणाली, “नातेवाइकांनी बाहेर थांबा. आधी आंघोळ. इथं पहिल्यापासून असंच करतात.”

मी माझं नाव सांगू शकले असते. पण तिचे हात कामात होते आणि काम बरोबर चाललं होतं.

बाहेर बाकावर त्या मजुराची बायको बसली होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “तुमचं कोण हाय आत?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

ती थोडी सरकली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा माणूस धुऊन होईपर्यंत तिथेच थांबले.